कुंकवाखालचा तडा

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास माझी सून दैवशाला सायकल खांद्यावर घेऊन शेतवस्तीवर आली. भाद्रपदात ओढ्यावरचा पूल वाहून गेला, तेव्हापासून ती सायकल खांद्यावर घेऊनच ओढा उतरत असे आणि अलीकडच्या काठाला पाय लागले की सायकलवर बसत असे. त्यात नवे काही नव्हते. त्या दिवशी मात्र ओढा मागे पडून अर्धा कोस झाला होता आणि सायकल अजून खांद्यावरच होती. पदर कमरेला खोचलेला, मान एका बाजूला कललेली, चपला चिखलाने जड झालेल्या.

मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. उठले नाही. घरातल्या माणसाने बातमी माझ्यापर्यंत आणावी. मी बातमीपर्यंत जात नाही.

"काय झालं?"

"दांडा चिरला, आत्याबाई. ओढ्याच्या चढाला कट्‌कन आवाज झाला. बसले असते तर तोंडावरच पडले असते."

तिने सायकल अंगणात उलटी ठेवली. तेव्हा मात्र मी उठले. हॅन्डलची नळी आणि खालचा जाड दांडा जिथे एकत्र येतात, तिथे दांडा अर्ध्याच्या वर तुटला होता. चाक हलवले की त्याचे तोंड उघडे, सोडले की मिटे. आणि त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना माझे कुंकू होते.

खंडेनवमीला आमच्या घरात प्रत्येक हत्याराला आणि वाहनाला तेलात कालवलेले कुंकू लावतात. ते काम पन्नास वर्षे माझ्याकडे आहे. सायकलला मी त्या सांध्यावरच पाच बोटे ओढते, कारण माणसाच्या कपाळासारखी तीच जागा पुढे येते. तेलातले कुंकू वाळले की लाखेसारखे घट्ट बसते. दैवशाला दर शुक्रवारी सायकल पुसते, चाकाची एकेक तार पुसते. परंतु त्या पाच बोटांना तिने कधी फडके लावले नाही. ते सासूच्या हातचे होते.

मी नखाने कुंकवाची खपली काढली. खालच्या चिरेची एक कड ताज्या तुटीसारखी चकचकीत होती. दुसरी तांबूस, गंजलेली. म्हणजे ही चीर आजची नव्हती. सायकल रोज खांद्यावरून उतरताना पुढच्या चाकावर आपटत होती, चीर रोज केसभर वाढत होती, आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून जणू मीच ती झाकून ठेवली होती.

"ही माझी चूक हाय," मी म्हणाले.

"अवं न्हाई, आत्याबाई, तुम्ही काय..."

"मी विचारलं न्हाई. सांगितलं."

दैवशाला आशाताई आहे. आमच्या अंगाला, दोन ओढ्यांच्या मध्ये सापडलेल्या तीन वस्त्या तिच्याकडे आहेत. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि पोलिओचा डोस होता. पहाटे सहाला सिस्टरबाई ओढ्याच्या पलीकडच्या काठावर डोसाची थंड पेटी आणून देणार आणि दैवशालाने ती घेऊन वस्त्या गाठायच्या. शेवटची गायरानाची वस्ती नऊ किलोमीटरवर. तिथली माणसे साडेसातला कापूस वेचायला निघतात आणि लेकरांना सोबत नेतात. एकदा ती रानोमाळ पांगली की शोधून सापडत नाहीत.

पूल गेल्यानंतरच्या डोसाला वाटेच्या चिखलात चाक फिरेना, म्हणून ती पायी गेली होती. चिखलातून तिथे पोचायला नऊ वाजले. वस्तीवर एक आजारी म्हातारा आणि कोंबड्या तेवढ्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेतोशेत फिरून तिने बारा लेकरे गाठली. सात राहिली ती राहिलीच. पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी तिला सगळ्या बायकांसमोर उभे केले आणि सांगितले की, यापुढे एक जरी लेकरू सुटले तर या वस्त्या दुसरीला देईन. घरी येऊन तिने हे शब्द मला भाकरी थापता थापता सांगितले, एकदाच. नंतर दोन दिवस ती जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसली आणि सगळ्यांच्या आधी उठली. मी पाहिले.

वस्तीवर दुसरी सायकल नव्हती. मोटारसायकली होत्या, पण त्या पुरापासून सगळ्या पलीकडच्या काठावर लोकांच्या गोठ्यांत उभ्या होत्या. शिवाय गायरानाची पाऊलवाट चार ठिकाणी तुटलेली. तिथे वाहन उचलूनच पार करावे लागते.

माझा मुलगा बद्रीनाथ हरभऱ्याला पाणी देत होता. त्याला बोलावून घेतले. त्याने कुंभार पिंपळगावच्या वेल्डिंगवाल्याला फोन लावला. मला ऐकू यावे म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा केला.

"सायकलची फ्रेम?" तो माणूस म्हणाला. "भंगारात घाला, भाऊ. माझ्याकडं दोन गेटांचं काम हाय. लईच वाटलं तर मंगळवारी आणा."

बद्रीनाथने फोन खिशात ठेवला. "आई, आता काय?"

"आता आपलं मशीन बाहेर काढ."

ते वेल्डिंगचे मशीन माझ्या मालकांचे. वखराच्या पासा, तिफणीचे फण, शेजाऱ्यांची फाटके, सगळे त्यांनी त्याच्यावर जोडले. साधा लोखंडी डबा; आत तांब्याच्या तारेची वेटोळी, पुढे सहा खाचा. खाच जितकी वरची, तितका जाळ जास्त. ते जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून डबा मोटरघरात पोत्याखाली होता. त्याच्यावरही पाच बोटे कुंकू होते. दरवर्षीचे.

बद्रीनाथने वायरी जोडल्या. त्याला हे काम येत नाही, आणि येत नाही हे त्याला मान्य आहे. हा त्याचा चांगला गुण. तरुणपणी एकदा काळी काच न धरता जाळाकडे पाहिल्याने त्याचे डोळे दोन दिवस सुजले होते, तेव्हापासून तो मशीनला भितो. तरीही मी सांगितले म्हणून त्याने पक्कड धरली, काच तोंडापुढे घेतली आणि जुन्या पाइपाच्या तुकड्यावर वेल्डिंगची कांडी टेकवली. कांडी चिकटून बसली. त्याने ओढली, वाकली. मशीन गायीसारखे हंबरले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कांडीवरचा लेप खडूसारखा गळून पडला.

"कांड्या ओल्या हायत," दैवशाला मागून म्हणाली. तिने कोणाकडे पाहिले नाही. "चार पावसाळे मोटरघरात होत्या. मामा आधी चुलीपाशी ठेवायचे."

मालकांना ती मामा म्हणे. मी तिच्याकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

पंधरा वर्षे मालकांनी काम केले आणि पंधरा वर्षे लोखंड पकडायला, वायर ओढायला, कांडी हातात द्यायला दैवशाला होती. बद्रीनाथ शेतात असे. एकदा, फाटकाचे शेवटचे दोन टाके राहिले असताना, मालकांनी पक्कड तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मार पोरी." मी त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर आले. बाईमाणसाने ठिणग्यांत उभे राहायचे नाही, डोळे जातील, लोक काय म्हणतील, असे मी जे बोलले ते शिवारभर ऐकू गेले. मालकांनी पक्कड परत घेतली. त्यानंतर ती कधी तिच्या हातात गेली नाही. ती पाहत मात्र राहिली. काळी काच एकच होती, म्हणून ती जाळाकडे नव्हे, मालकांच्या हाताकडे पाहत असे.

"बद्री, पक्कड खाली ठेव," मी म्हणाले. "दैवशाला, अजून काय करायचे तुझे मामा?"

तिने मान वर केली.

"आधी चीर कुठवर गेलीय ते बघायचे. दिसती तिथंच ती संपत न्हाई म्हणायचे. पुढच्या चाकाचा चिमटा सोडून छर्रे काढून घ्यायचे, न्हाईतर वंगण पेट घेतं. आन् मंग..." ती थांबली. "मंग चुना लागतो."

मी कमरेची चंची सोडली आणि चुन्याची डबी तिच्या हातावर ठेवली.

त्यानंतर दोन तास ती सायकल उकलत राहिली. चाक सुटले, चिमटा सुटला, छर्रे वाटीत गेले. माझ्या कुंकवापाशी येऊन तिचा हात थबकला. मी म्हणाले, "घास." तिने कानशीने सांधा घासून पांढरा केला. मग चिरेवर रॉकेल सोडले, फडक्याने कोरडे पुसले आणि वरून चुन्याचा पातळ हात दिला. चुना वाळला, तशी त्यावर हळूहळू एक ओली रेघ उमटू लागली. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. डोळ्यांना दिसत होती त्याच्या पुढे बोटभर, दांड्याच्या पोटाखालून, रेघ गेली होती.

"बघा," ती म्हणाली. आवाजात मालकांचा थाट होता. तिला ते कळले नाही.

रेघेच्या दोन्ही टोकांना तिने बारीक भोके पाडली, म्हणजे चीर तिथेच अडते. मी कांड्या तव्यावर घेतल्या. मंद आचेवर, पापडासारख्या उलटत राहिले. ते काम मला कोणी शिकवावे लागले नाही.

कांड्या सुकल्या तरी जाळ नीट धरेना. दैवशालाने पाइपाच्या तुकड्यावर टेकवली की ठिणगी उडे आणि विझे. मोटरघरातल्या मीटरची सुई तीनशे व्होल्टपाशी लोंबत होती. तिथे चारशे हवेत.

"सगळ्या मोटरी चालू हायत," बद्रीनाथ म्हणाला. "दिवसाच्या लाईटचा उद्या शेवटचा दिवस. परवापासून पाळी रात्रीची. साडेचारला लाईट जाती, आन् तोवर कुणी थेंब सोडायचं न्हाई."

आमच्या डीपीवर, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर, सहा मोटरी आहेत; जितक्या चालू, तितकी वीज कमी. बद्रीनाथने आपली बंद केली आणि चौघांना फोन केले. चौघांनीही बंद केल्या. या घराने त्यांची फाटके जोडली होती. सुई थोडी हलली. सहावी मोटर सगळ्यांत मोठी, बांधापलीकडची. बद्रीनाथने तिथेही फोन लावला. तिथल्या कचरूने ऐकून घेतले आणि म्हणाला, "माझी हरकत न्हाई, दादा. पण मोटरीचं आईला विचारा."

बद्रीनाथने माझ्याकडे पाहिले. दैवशालानेही पाहिले. कचरूची आई म्हणजे दुर्गाबाई. अकरा वर्षांपूर्वी बांधावरची बाभूळ मालकांनी तिफणीसाठी तोडली. ती कोणाच्या अंगाला होती यावरून दुर्गाबाई आणि मी बांधावर उभ्या राहून जे बोललो, त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिच्या मुलाच्या लग्नाला मी आहेर पाठवला, गेले नाही. माझे मालक गेले तेव्हा ती आली, दारात बसली, उठून गेली.

"मी जाते," दैवशाला म्हणाली.

"तू इथंच थांब. हात बसव."

मी स्वच्छ लुगडे नेसले. मागायला जायचे तर नीट जावे.

दुर्गाबाई अंगणात बाजेवर मिरच्यांची देठे खुडत होती. तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोण गं ती? गोजर हाय का? का माझे डोळे गेले?"

"डोळे गेले असतील. ओळखलंस मात्र बराबर."

"बाभूळ तोडायला आलीस का? एक राह्यलीय बघ, गोठ्यामागं."

"तुझ्या बाभळीची तिफण अजून चालती, दुर्गा. पाहिजे तर तूबी पेरून घे एकदा."

ती हसली नाही, पण देठ खुडायची थांबली. "काम बोल."

"तुझी मोटर अर्धा तास बंद कर."

"माझा गहू अर्धा भिजून राह्यला. परवापासून रात्री साप-इंचवात पाणी द्यायचं. आन् मी मोटर बंद करू? कशापायी?"

मी सांगितले. डोस सांगितला, गायरान सांगितले, डॉक्टरांनी उभे केले ते सांगितले. काही वाढवले नाही, काही झाकले नाही. चीर माझ्या कुंकवाखाली होती, हेही सांगितले.

"पण बद्रीला वेल्डिंग कुठं येतं?" ती म्हणाली. "सगळ्या शिवाराला ठावं हाय."

"बद्री न्हाई. दैवशाला करणार."

दुर्गाबाईने मिरच्यांचे सूप बाजूला सरकवले. "सून? तू करू देतीस? अगं, तिनं पक्कड धरली तव्हा तू काय आरडलीस! माझ्या गाईनं त्या दिवशी दूध दिलं न्हाई."

"हो. मीच आरडले." मी तिच्या डोळ्यांकडे पाहूनच म्हणाले. "आता मीच मोटर बंद करायला सांगून राह्यले."

"सांगून राह्यली, म्हणं. मागून राह्यली म्हण."

कोपऱ्यात कोंबडी माती उकरत होती. मोटर घुमत होती आणि दिवस कलायला लागला होता.

"मागते," मी म्हणाले.

"मंग बस. चहा पी. अकरा वर्सं माझ्या घरचं पाणी पिली न्हाईस."

"मला वेळ न्हाई, दुर्गा."

"तर मोटरीलाबी न्हाई."

मी बाजेच्या कडेला बसले. तिने स्वतः चुलीपुढे बसून चहा केला. बशीतला पहिला घोट घेऊन मी म्हणाले, "साखर जास्त झाली."

"तुझ्यासाठीच टाकली. जिभेवर काही गोड जाऊ दे एकदा." आणि तिने गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "कचऱ्या! बटण दाब रे, मोटर बंद कर."

मोटर थांबल्यावर शिवार एकदम मोकळे वाटले. मी बांध ओलांडत होते, तोच आमच्या अंगणातून फाट्‌कन आवाज आला. पाठोपाठ काहीच नाही. मी पाय उचलले.

दैवशाला सायकलीपुढे उकिडवी बसली होती. काच खाली पडली होती. दांड्यात, चिरेच्या मधोमध, पावलीएवढे भोक पडले होते आणि त्याच्या कडा अजून लाल होत्या.

मी नसताना तिने हात बसवला होता. वीज कमी, म्हणून मशीन सहाव्या खाचेवर नेले होते. पाइपाच्या तुकड्यावर टाकेही चांगले पडले. मग पलीकडची मोटर थांबली, आणि खाच खाली न आणताच तिने सायकलीवर कांडी टेकवली. वीज उसळली होती. सहाव्या खाचेचा जाळ पातळ नळीतून कागदातून जावा तसा आरपार गेला. आमच्यासारख्या शिवारातलीच ही चूक: वीज मागायची, आणि ती आल्यावर काय करायचे ते विसरायचे.

"गेलं, आत्याबाई," ती म्हणाली. "माझ्या हातानं गेलं." तिच्या मनगटावर ठिणगीचा फोड उठला होता. त्याकडे तिचे लक्ष नव्हते.

बद्रीनाथ म्हणाला, "राहू दे आता. उद्या तू पायी निघ. चारला निघालीस तर..."

"सहाच्या आधी डोस मिळत न्हाई," ती म्हणाली. "मी चारला निघून काय हात हलवत जाऊ?"

मी खाली वाकले. गुडघे कुरकुरले. भोक पाहिले, दांड्याचा पोकळपणा पाहिला. मला लोखंड कळत नाही. फाटलेले धोतर कळते. कापड विरले असेल, तर टाका मारून टिकत नाही. ठिगळ लावावे लागते आणि टाके ठिगळाच्या कडेने, चांगल्या कापडात घ्यावे लागतात.

"ह्याला ठिगळ बसंल का?"

दैवशालाने पदराने नाक पुसले. बोटांनी दांड्याची जाडी अजमावली. "बसंल. ह्याच्यापेक्षा जरा मोठी नळी उभी चिरून, पन्हळीसारखी वरून बसवायची. मामांनी फवाऱ्याच्या पंपाला केलं होतं. पण तसली नळी..."

तिची नजर घराच्या दाराकडे गेली आणि लगेच परत आली. मी ती नजर धरली. दारातून माझा लोखंडी पलंग दिसत होता. त्याचे पाय नळीचे.

"पाय काप," मी बद्रीनाथला म्हणाले.

"आई, बाबांनी केलेला पलंग हाय तो."

"त्यांनी केला म्हणूनच चांगल्या नळीचा हाय. खाली विटा लाव. जल्दी."

त्याने करवत घेतली. तेवढ्यात बांधावरून काठी टेकत दुर्गाबाई आली. "अर्धा तास झाला, सांगायला आले," ती म्हणाली. मग भोक पाहिले, दैवशालाचे तोंड पाहिले आणि ओट्यावर बसली. पलीकडून कचरूने ओरडून विचारले, "आई, चालू करू का?"

"हात लावशील तर बघ!" ती इतक्या जोरात ओरडली की मला माझा जुना आवाज आठवला.

पावणेचार झाले होते. बद्रीनाथने नळी उभी चिरली. दैवशालाने ती हातोडीने ठोकून दांड्यावर बसती केली, तारेने बांधली. मशीनपाशी गेली. सहाव्या खाचेतली खुंटी काढली, दुसऱ्या खाचेत घातली. मीटरची सुई पाहिली, पुन्हा पाहिली. मग काच उचलायला वळली. ती काच माझ्या हातात होती. एकदा जिच्या हातातून मी ओरडून पक्कड सोडवली होती, तिला ती काच मी माझ्या हाताने दिली.

"मार पोरी," मी म्हणाले, आणि पाठ फिरवून उभी राहिले. जाळाकडे पाहायचे नसते.

पाठीमागून आवाज आला. कढईत कढते लोणी तडतडावे तसा. आधी तुटक, मग थांबला. ती एक टाका मारी, थांबे, दुसऱ्या टोकाला जाऊन मारी, थांबे. घाई करत नव्हती. मी भिंतीवर निळ्या उजेडात तिची सावली पाहिली: कोपर अंगाशी धरलेले, मान किंचित डावीकडे. मालक असेच उभे राहत. मधूनमधून छोट्या हातोडीने ती टाक्यावरची काळी खपली झाडी आणि नवे लोखंड उघडे पाडून बोटभर अंतरावरून बघे. एका ठिकाणी ती समाधानी नव्हती. कानशीने घासून तिने तो टाका परत मारला.

दुर्गाबाई म्हणाली, "माझी मोटर किती वेळ बंद हाय, ठावं हाय ना?"

"ठावं हाय. गप बस."

"बसलेच हाय की."

सव्वाचारला दैवशालाने काच खाली घेतली. तोंड लाल, कपाळावर काजळी, पापण्यांना घाम. ठिगळाभोवतीची टाक्यांची रांग देखणी नव्हती. बाजरीच्या कणसासारखी खडबडीत होती. पण ती अखंड होती. पाणी ओतायला बद्रीनाथने तांब्या उचलला, तो तिने धरला. "न्हाई. आपणहून गार होऊ द्यायचं. मामा म्हणायचे, पाणी टाकलं की लोखंड रुसतं." दुर्गाबाईने बांधाकडे तोंड करून कचरूला मोटर चालू करायला सांगितले. पंधरा मिनिटे उरली होती. तेवढ्यात तिचा एक वाफाही भिजला नसेल.

दिवस मावळायच्या आत चाके बसली. दैवशालाने सायकल अंगणात दोनदा फिरवली. बद्रीनाथ म्हणाला, "तिचं वजन ते काय! पेटी घेतल्यावर, ओढ्यात आपटल्यावर कळंल."

"खरं हाय," मी म्हणाले आणि पदर खोचला. "दैवशाला, थांब. मी बसते."

"आत्याबाई!"

"डोसाच्या पेटीपेक्षा मी जड हाय का न्हाई? मंग?"

बहात्तर वर्षांत मी कोणाच्या मागे सायकलवर बसले नव्हते. मालक बस म्हणत, मी नको म्हणे; शोभत नाही. त्या संध्याकाळी मी सुनेच्या मागे कॅरिअरवर एका अंगाला बसले, तिच्या कमरेला धरले आणि म्हणाले, "चल. खड्डे चुकवू नकोस."

"पडलीस तर मी उचलणार न्हाई हं, गोजर," दुर्गाबाई ओट्यावरून म्हणाली.

"तुला उचलायला दोन माणसं लागतात. तू काय उचलतीस?"

बांधापर्यंत गेलो, परत आलो. गाडीवाटेच्या दोन्ही चाकोऱ्यांतून तिने सायकल घातली. प्रत्येक खड्ड्याला माझी कंबर बोलली; दांडा बोलला नाही. उतरल्यावर दैवशालाने ठिगळाभोवती पुन्हा रॉकेल सोडले, पुसले, चुना फिरवला आणि आम्ही चौघे वाकून वाट पाहत राहिलो. चुना वाळला. पांढराच राहिला.

रविवारी पहाटे तिने सायकल दारात आणली. अंगावर आशाताईची गुलाबी साडी, डोक्याला रुमाल, मनगटावर हळद. रिवाज मोडू नये म्हणून तिनेच आतून कुंकवाचा करंडा आणून माझ्यापुढे धरला. मी बोट बुडवले. तिने हॅन्डल वळवून सांधा माझ्यासमोर केला.

"तिथं न्हाई," मी म्हणाले, आणि बोट घंटीवर टेकवले. "सांधा उघडा राहू दे. रोज पुसायचा. रोज बघायचा. आन् मी कुठंबी कुंकू लावलं, तरी त्याच्याखालचं बघायला मला विचारायचं न्हाई."

तिने मान हलवली आणि निघाली. ओढ्याच्या उतारापर्यंत घंटी वाजत गेली.

ती परतली तेव्हा उन्हे अंगणात आली होती. मी ओट्यावर होते. या वेळी मी उठून दारापर्यंत गेले. तिने सायकल टेकवली, पेटी खाली ठेवली आणि डाव्या हाताची करंगळी मला दाखवली. नखावर जांभळी शाई होती.

"गायरानावर सात वाजताच पोचले. एक पोरगी रडून राह्यली होती; म्हणली, आधी तुला लाव, मंग मला. लावून घेतली." मग तिने दम घेतला. "एकबी लेकरू राह्यलं न्हाई, आत्याबाई. एकबी न्हाई."

ती खाली बसली आणि कोणी न सांगता फडके घेऊन सांधा पुसू लागली. ओढ्याचा चिखल निघाला. टाके जसे होते तसे होते.

मी चहाचे आधण ठेवायला वळले, तेव्हा पलीकडची मोटर थांबली. मी वर पाहिले. ओट्यावरचा दिवा लागलेला होता. लाईट गेली नव्हती. दिवसाच्या पाळीचा शेवटचा दिवस, अर्धा गहू कोरडा, आणि दुर्गाबाईची मोटर बंद.

बांधावरून ती येत होती. एका हातात काठी, आणि दुसऱ्या काखेत हातभर लांब लोखंडी नळी.

"विटांवर झोपलीस ना रातभर?" तिने लांबूनच विचारले. "कड बदलताना कोसळशील. ही आमच्या जुन्या पाळण्याची नळी हाय, चांगली जाड हाय. मोटर बंद करून आले. अर्ध्या तासात तुझा पाय बसवून घे."

मी तिच्यासाठी बाज पुढे सरकवली.

"बस, दुर्गा. साखर तू टाकतीस तशीच टाकते." आणि आत वळून आवाज दिला, "दैवशाला, काच घे. पलंग बाहेर काढायला सांग बद्रीला. आन् खाच आधी खाली आण."

"आणलीय, आत्याबाई," मोटरघरातून तिचा आवाज आला.